न पडलेले कळे

रावजी गोताड पुढच्या दाराने ओटीवर आले, तेव्हा भागोजी पाष्टे आत माजघरात आबांसमोर बसलेले होते. मी नुकताच चहा गाळला होता. ओटीवरून खाकरणं ऐकू आलं तसे भागोजीकाका उठले, चहाकडे बघितलंसुद्धा नाही, चपला हातात घेतल्या आणि चुलीपुढून, माझ्या अंगावरून मागच्या दाराने परसात उतरले. उतरताना धोतर वईच्या, कुंपणाच्या, काट्यांना अडकलं. वरच्या वाडीचा मानकरी, एरवी चालताना मान इकडची तिकडे न करणारा माणूस, वाकून धोतर सोडवत बसला आणि पुन्हा पुन्हा मागे वळून बघत राहिला. मी तोंडाला पदर लावला.

त्यांच्यासाठी केलेला चहा मी रावजीकाकांना नेऊन दिला.

"आबा, उद्या कौल लावायचा ना?" बशीत चहा ओतत रावजीकाका म्हणाले.

"हां."

"डावा कळा जरा सैल लावलात तर देवीला काय राग यायचा नाय."

आबांनी अडकित्त्यात सुपारी धरली, कातरली, तोंडात टाकली. "बगूया," ते म्हणाले.

भागोजीकाकांनाही त्यांनी हेच उत्तर दिलं होतं. त्यांना फक्त उजवा हवा होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आबा, भागोजीकाका, रावजीकाका, तिघेही गेले, म्हणून सांगायला हरकत नाही. आबा माझे सासरे, गावच्या नवलाई देवीचे गुरव. माझा नवरा मुंबईला गिरणीत, तो सणावारी यायचा. घरात मी आणि आबा, आणि माझ्या लग्नाला तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्यामुळे आदल्या शिमग्यात गावात काय घडलं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मला कळलं ते विहिरीवर, आणि विहिरीवर कळलेल्या गोष्टीला प्रत्येक घागरीगणिक नवं पाणी लागतं.

झालं होतं ते एवढंच. शिमग्यात नवलाईची पालखी घरोघर जाते. खालच्या वाडीत आधी गोताडांचं अंगण, मग वर चढून पाष्ट्यांचं, मग बाकीची घरं. हा क्रम कुणी घातला कुणाला ठाऊक नाही, पण मोडलाही नव्हता. त्या वर्षी पालखी गोताडांच्या अंगणात शिरली ती निघेचना. ढोल वाजतोय, माणसं पालखी नाचवतायत, पुन्हा नाचवतायत. वरती पाष्ट्यांकडे पुरणपोळ्या थंड झाल्या. भागोजीकाकांचा मुलगा लग्नानंतर पहिल्यांदाच बायकोला घेऊन मुंबईहून आला होता. त्यांची एसटी होती. पालखी पाष्ट्यांच्या अंगणात पोचली तेव्हा ती दोघं निघून गेलेली होती.

भागोजीकाकांनी देवीला नारळ दिला, एक शब्द बोलले नाहीत. पुढे केव्हातरी पारावर बसले असताना म्हणाले, "गोताडांनी अंगनात काय पुरलानी काय, देवीचा पायच निघत नाय तितनं!" माणसं हसली. भागोजीकाकाही हसले. रावजीकाका पलीकडे बैलाला पाणी पाजत होते, त्यांनी ते ऐकलं आणि ते हसले नाहीत.

एवढ्यावरून सुरू झालं. आमच्याकडे घराची शाकारणी सगळे मिळून करतात. त्या वर्षी पाष्ट्यांच्या घरावर चढायला खालच्या वाडीतलं कुणी गेलं नाही. पाष्ट्यांनी आपल्या शेतातून जाणारी बैलांची वाट बंद केली. पावसाळ्यात रावजीकाकांची आई वारली, तेव्हा भागोजीकाका वईपर्यंत आले, बाहेरच उभे राहिले आणि घरात न शिरता परत गेले. त्याची मोठी चर्चा झाली. ते आले हे कुणी बोललं नाही, ते शिरले नाहीत हेच सगळे बोलले. आणि आता शिमगा तोंडावर आला तसं भागोजीकाकांनी जाहीर केलं, की पालखी आधी माझ्या दारात येईल, नाहीतर वरची वाडी पालखीला खांदा देणार नाही. रावजीकाका म्हणाले, क्रम मोडला तर पालखी आमच्या हद्दीतून पुढे जाणार नाही. दोन्ही वाड्यांतल्या पोरांनी होळीची लाकडं म्हणून दांडकी जमवायला सुरुवात केली. होळीला एवढी सोललेली, मुठीत मावणारी लाकडं लागत नाहीत, हे पोलीस पाटलांनाही कळत होतं. त्यांनी निरोप दिला, की गावाने आपसात मिटवलं नाही तर मला वर कळवावं लागेल.

वर कळवणं म्हणजे काय ते गावात कुणापेक्षाही मला जास्त ठाऊक होतं. माझ्या माहेरच्या पालखीला कुलूप होतं. तिथे वाद झाला होता तो पहिला नारळ कुणाचा फोडायचा यावरून. मग डोकी फुटली, मग कोर्ट. देवळाच्या दाराला सील आणि पायरीवर पेंगणारा पोलीस, हा आमचा शिमगा. मी लहान असताना आई गेली, मला वाढवलं काकूने. पण काकूचं घर पलीकडच्या पक्षात गेलं. माझ्या लग्नाला ती मांडवात आली नाही, तिला येऊ दिलं नाही. आमच्या अंगणातून तिची पडवी दिसते. मंगलाष्टकं चालली होती तेव्हा ती तिथे खांबाला धरून उभी होती आणि मुठीत अक्षता घेतलेल्या होत्या. मी अंतरपाटाच्या आड उभी राहून नवऱ्याकडे नाही, तिच्याकडे बघत होते. एका दुभंगलेल्या गावातून निघून मी या गावात आले होते, आणि आता इथेही विहिरीवर वरच्या वाडीच्या बायका येईनाशा झाल्या होत्या.

रावजीकाका गेल्यावर मी आबांना विचारलं, "आबा, उद्या तुम्ही कुणाचं ऐकणार?"

"देवीचा."

"आणि देवी कुणाचं ऐकते?"

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. "गुरवाची सून हायस तू," ते म्हणाले. "असां इचारू नको."

*

कौल कसा लावतात ते सांगते. नवलाईची मूर्ती काळ्या दगडाची, कमरेएवढी. तगरीचे कळे पाण्यात भिजवून मूर्तीच्या छातीवर एक उजवीकडे, एक डावीकडे असे लावायचे, आणि देवीला गाऱ्हाणं घालायचं. उजवा कळा आधी पडला तर देवी हो म्हणाली. डावा पडला तर नाही म्हणाली. पाणी सुकतं तसे कळे सुटतात, काही वेळ लागतो, पण फार नाही. माणसं तोवर हात जोडून उभी असतात.

त्या दिवशी दोन्ही वाड्यांतली जाणती माणसं, पोलीस पाटील धरून, सकाळीच देवळात जमली. उजव्या बाजूला पाष्टे आणि वरची वाडी, डाव्या बाजूला गोताड आणि खालची. मधे बैलगाडी जाईल एवढी जागा मोकळी. पोरं बाहेर, कुंभ्याच्या झाडाखाली, आपापली दांडकी शेजारी ठेवून बसलेली. मला पाणी द्यायला म्हणून आबांनी बोलावून घेतलं होतं, मी गाभाऱ्याबाहेर कोपऱ्यात तांब्या घेऊन उभी होते.

आबा गाभाऱ्यात गेले. पाठ आमच्याकडे. कळे लावायला त्यांना नेहमीपेक्षा जरा वेळ लागला. बाहेर आले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा नवलाई माते, पाष्ट्यांचा म्हनना हाय, पालखी आदी त्यांच्या अंगनात जावी. गोताडांचा म्हनना हाय, चाल हाय तशीच ऱ्हावी. पाष्ट्यांचा खरा असंल तर उजवा दे, गोताडांचा खरा असंल तर डावा दे. दे माते, निवाडा दे!"

"व्हय महाराजा!" सगळे म्हणाले.

मग आबांनी नियम सांगितले. कौल मिळेपर्यंत आतल्या कुणी देवळाबाहेर जायचं नाही. आवाज चढवायचा नाही, देवी ऐकतेय. शिजलेलं खायचं नाही. आणि कुणाला लघवीला जायचंच झालं, तर एकट्याने जायचं नाही. पलीकडच्या बाजूचा माणूस सोबत न्यायचा, म्हणजे बाहेर जाऊन कुणी काही करणी केली असा संशय राहणार नाही.

हा शेवटचा नियम मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. त्यानंतरही नाही.

सगळे उभे राहिले. कळे बघत राहिले. सुरुवातीला कुणी पापणी लवू देत नव्हतं. मग एक माशी आली आणि डाव्या कळ्यावर बसली. गोताडांची अख्खी रांग पुढे झुकली. माशी कळ्यावर चालली, पाय चोळले, आणि उडून गेली. कळा होता तिथेच. पाष्ट्यांच्या बाजूने कुणीतरी मोठा श्वास सोडला.

माणसं उभं राहून दमली तशी एकेक करून बसली. मी पाणी फिरवलं. फाल्गुनातलं ऊन, वर कौलं तापलेली. भिजवलेले कळे एव्हाना सुकून पडायला हवे होते. एकाने आबांकडे बघितलं, "आबा, असां कदी झाला व्हता काय?"

"देवी इचार करत्येय," आबा म्हणाले आणि खांबाला टेकून त्यांनी डोळे मिटले.

बाहेर पोरांचा उत्साह आधी ओसरला. त्यांना नियम नव्हते, आणि भूक होती. एकजण गुरांना पाणी दाखवायला गेला, त्याच्यामागून दुसरा. एकाला आईची हाक आली. जाताना दांडकी कोण नेतो? ती झाडाखाली पडून राहिली, कुणाची कुठली ते ओळखू येईना. थोड्या वेळाने शेळ्या आल्या आणि त्यांच्यावरून चालत गेल्या.

दुपार कलली तशी आतल्या म्हाताऱ्यांची चुळबूळ सुरू झाली. पाणी मी भरपूर पाजलं होतं, आबांचं तसं सांगणंच होतं. भागोजीकाका बराच वेळ मांडी बदलत होते. शेवटी ते उठले. आता सोबत पलीकडचा माणूस हवा. गोताडांच्या बाजूने कुणी हलेना, खालच्या वाडीचा मान असा कोण वाया घालवील? तेवढ्यात रावजीकाका स्वतःच उठले. उठले ते सोबतीला म्हणून नाही. त्यांनाही लागली होती.

पाणी आणायला जायची मुभा फक्त मला होती, आणि मी तेव्हा रिकामी घागर घेऊन देवळामागच्या पाटावर गेले होते. पाटाला लागून करवंदीची जाळी आहे. जाळीच्या अलीकडे मी, पलीकडे ते दोघे. मी घागर बुडवायची थांबले, कारण आवाज झाला असता तर मला तिथून उठून जावं लागलं असतं, आणि त्या परिस्थितीत कुणाला तोंड दाखवावं असं ते ठिकाण नव्हतं.

"लांब ऱ्हा," भागोजीकाकांचा आवाज.

"लांबच हाय."

मग बराच वेळ काही नाही.

"झाला काय रं?" रावजीकाका.

"व्हतांय कुटं? बसायचां नि वाट बगायची. तुजां?"

"तसांच. सकाळपासनं त्या पोरीनं पानी पाजून पाजून मारलान." जाळीअलीकडे मी ओठ चावला. "तू डाक्टरला दाकवलास काय?"

"रत्नांगरीला न्ह्या बोल्तो. कोन न्हेनार?"

"पोरगा?"

"पोरगा येत नाय."

"का?"

"आनि तू मला इचारतोस?" भागोजीकाकांचा आवाज चढला आणि देवीच्या आठवणीने पुन्हा उतरला. "गेल्या शिमग्याला सून पयल्यांदा घरी आली. देवीची वटी भरायची म्हनून हिरवां लुगडां नेसून पडवीत बसली. पालखी तुज्या अंगनात. ढोल ऐकू येतोय, पालखी येत नाय. यष्टीचा येळ झाला. पोरगा बोल्ला, बाबा, तुमच्या देवीला आमच्यासाटी येळ नाय, मंग आमी यायचा कशाला? तवापासनं आला नाय. यंदा पन येत नाय बोल्ला."

रावजीकाकांच्या पायाखाली पानं वाजली. मला वाटलं निघाले. पण ते निघाले नव्हते.

"आय उटत नव्हती," ते म्हणाले.

"काय?"

"माजी आय. तवा उटत नव्हती ती. पन वटी सवताच्या हातानं भरायची म्हनून हट धरलान. उचलून आनली. उंबऱ्यापरेन आनली नि लुगडां खराब केलान. तसां देवीम्होरं कसां न्ह्यायचा? परत आत. आंगोळ घातली, दुसरां नेसवलां. परत तेच. ती रडायला लागली. मी भायर येऊन ढोलवाल्यांना बोल्लो, नाचवा, अजून नाचवा, थांबवू नका. दुसरां काय करू?"

"मला सांगायचा व्हतास."

"सांगनार व्हतो. तू पारावर बोल्लास, अंगनात काय पुरलानी काय."

"मस्करी केली रं मी!"

"म्हायत हाय," रावजीकाका म्हणाले. "तवा पन म्हायत व्हता. पन ती आत पडलेली, नि भायर मानसं हसतायत."

पाटाचं पाणी माझ्या पायांवरून वाहत होतं. मी हातात घागर धरून तशीच बसले होते, आणि मला काकूची एवढी आठवण आली की डोळे भरून आले. माझ्या माहेरी कुणाला कुणासोबत असं देवळामागे पाठवलं असतं तर? असं मी तेव्हाच मनात म्हटलं, खोटं कशाला सांगू.

"भरलान काय वटी?" भागोजीकाकांनी विचारलं.

"भरलान. तिसऱ्या लुगड्यावर." रावजीकाका म्हणाले. "मंग श्रावनात गेली."

"मी आलो व्हतो."

"बगितला मी तुला. वईकडं. आत का नाय आलास?"

"तू बोलावशील म्हनून थांबलो."

"मयताला कोन बोलावतां काय रं, भागू?"

दोघं परत निघाले तेव्हा मी घागर भरली.

मी देवळात आले, तेव्हा दोघंही आपापल्या बाजूला जाऊन बसलेले होते आणि कळे जसेच्या तसे होते. पण भागोजीकाका मूर्तीकडे बघत नव्हते. ते समोरच्या मोकळ्या जागेकडे बघत होते. मग ते उठून उभे राहिले.

"आबा, देवीला दुसरां कायतरी इचारलां तर चालल काय?"

आबांनी डोळे उघडले. "एक गाऱ्हाना सुटल्याबिगर दुसरा घालता येत नाय."

"मंग ह्यो सोडवायचा कसा?"

"ज्यांनी घातला त्यांनी मागं घ्यायचा. दोगांनी. एका तोंडानं."

देवळात कुजबुज सुरू झाली. भागोजीकाकांच्या बाजूच्या एकाने त्यांचा सदरा ओढला, "काका, आता थोडा येळ. उजवा हलतोय." उजवा हलत नव्हता. भागोजीकाकांनी सदरा सोडवून घेतला.

"पालखी आदी गोताडांकडं जाईल," ते म्हणाले.

वरच्या वाडीची रांगच्या रांग त्यांच्याकडे वळली. रावजीकाका उठले. त्यांना उठायला खांबाचा आधार घ्यावा लागला.

"जाईल," ते म्हणाले. "नि उबी उबी निघंल. नारळ द्यायचा, आरती करायची, सोडायची. थांबवून धरायला माज्याकडं आता कोन ऱ्हायला नाय. जेवान पाष्ट्यांकडं, त्यांच्या येळंला."

"गोताडांनी पन माज्याकडं जेवायचां," भागोजीकाका म्हणाले.

"जेवू."

"मंग आमी सकाळपासनं उपाशी कशाला बसलाव?" मागून कुणीतरी कळवळून म्हणालं, आणि पहिल्यांदा हसू फुटलं. दोन्ही बाजूंना एकाच वेळी फुटलं, त्यामुळे कोण कुणाला हसलं हा प्रश्न आला नाही.

आबांनी दोघांना गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर शेजारी उभं केलं. दोघांनी एका तोंडाने गाऱ्हाणं मागे घेतलं. "व्हय महाराजा" झालं. माणसं उठली, पाय झाडले आणि जेवायला पळाली. पोलीस पाटील जाताना आबांच्या पायाला हात लावून गेले. बाहेर दांडक्यांचा ढीग होता तो दोघातिघांनी उचलून होळीच्या लाकडांत नेऊन टाकला.

देऊळ रिकामं झालं. मी मूर्तीवरचे कळे काढायला गाभाऱ्यात गेले. उजव्या कळ्याला हात लावला, तो निघेना. नखाने ओढला. कळा तुटला, पण देठाकडचं तसंच राहिलं आणि माझी दोन बोटं एकमेकांना चिकटली. मी बोटं नाकाशी नेली. फणसाचा चीक होता.

देवीच्या कौलात गुरवाने चीक लावला! हे कुणाला कळलं असतं तर वाड्या दोन उरल्याच नसत्या, सगळा गाव एक झाला असता आणि आमच्या दारात आला असता. मी बाहेर आले. आबा मंडपात आडवे झाले होते, तोंडावर पंचा.

"आबा," मी हळूच म्हटलं, "कळे निघत नाहीत."

"नाय निघायचे." पंचाखालून आवाज आला. "घरनं तेल आन. गुपचूप."

"पण आबा, कुणी बघितलं असतं तर?"

"तर तुला म्हायेरी धाडून दिली असती," आबा म्हणाले. "जा आता. तिनीसांजेच्या आत मूर्ती साफ व्हायला हवी."

मी पायरीवर आले आणि थबकले. समोरून भागोजीकाका येत होते. जेवून आले असावेत, कारण मिशीला आमटी होती. एका हाताने काहीतरी पंचाखाली झाकून धरलं होतं. मी चिकट बोटं पदरात लपवली. ते जवळ आले, इकडे तिकडे बघितलं आणि पंचा बाजूला केला. पितळेची वाटी होती.

"सूनबाय," ते दबक्या आवाजात म्हणाले, "पान्यानं नाय निघायचा तो. खोबरेल लाव, घटकाभर ऱ्हाऊ दे नि मंग फडक्यानं पूस."

मी वाटीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"अगो, अशी बगतेस काय? दुपारी कळ्याची कड पिवळी पडायला लागली. जल्म फनसाखाली गेला माजा, चीक वळकत नाय काय मी?"

"मग तुम्ही काका..." मी चाचरले, "तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलून?" भागोजीकाकांनी वाटी माझ्या हातात दिली. "बोल्लो असतो तर उटून घरी जावां लागला असता. घरी जाऊन काठी घ्यावी लागली असती. पोरांना बोलून बसलो व्हतो ना मी. मंग बसलो. बसायला बरां व्हता."

मी काही बोलणार, तोच देवळाच्या कोपऱ्यावरून रावजीकाका वळले. हातात काचेची बाटली, वर कापडाचा बोळा. त्यांनी भागोजीकाकांना बघितलं आणि बाटली पाठीमागे नेली. भागोजीकाकांनी बाटली बघितली. रावजीकाकांनी माझ्या हातातली वाटी बघितली. मला वाटलं आता हे दोघे एकमेकांच्या गळ्यात पडतात की काय.

"तुला कवा कळला?" भागोजीकाकांनी विचारलं.

"माशी बसली नि उडताना तिचा पाय आडकला, तवाच."

"मंग बोल्ला नाय?"

"तू बोल्लास?"

भागोजीकाकांनी घसा खाकरला. "बरां. ने ती बाटली परत. माजां तेल आनलेलां हाय."

"वाटीभर? येवड्या वाटीत एक कळा नाय निघायचा. माजां घान्याचा हाय, ताजा."

"माजां काय शिळां हाय?"

"वास येतोय तुज्या तेलाला. देवीच्या अंगाला ह्यां लावायचां?"

"रावज्या, तुज्या आज्यापासनं देवीला तेल पाष्ट्यांच्या घरनं येतां! इचार गुरवाला!"

"कोन बोल्ला? मान गोताडांचा हाय तो!"

दोघांचेही आवाज चढले होते. मला वाटलं सगळा दिवस पाण्यात गेला, आता हे पुन्हा वाड्यांना हाका मारतात. तेवढ्यात आत मंडपात आबांनी कूस बदलली. तोंडावरचा पंचा काढला नाही. पडल्या पडल्याच म्हणाले,

"परत कौल लावू काय रं?"

"नको!" दोघंही एकदम ओरडले.